‘पिशवीला सूज’ की कॅन्सर? पेशी ओळखण्याचा इतिहास

“डॉक्टर, सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड आलंय. कॅन्सर तर नाही ना?” चाळिशी-पन्नाशीतल्या अनेक महिला हा प्रश्न विचारतात. याचे नेमके उत्तर सोनोग्राफी देत नाही, पेशी देतात. आणि त्या पेशी ओळखायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८७० च्या दशकात बर्लिनमध्ये कार्ल रूगे आणि योहान फाइट या डॉक्टरांनी आग्रह धरला की, गर्भाशयाच्या कॅन्सरचे निदान नुसत्या तपासणीवर करू नये. तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहावा. हीच आजची बायोप्सी.

पण दिसले म्हणजे समजले असे नाही. अस्तरातल्या ग्रंथी कधी सरळ दिसत, तर कधी नागमोडी आणि फुगलेल्या. तशा दिसल्या की ‘अस्तराला सूज’ असे निदान होई. १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रिट्झ हिट्शमान आणि लुडविग आडलर यांनी दाखवून दिले की, हे बदल पाळीच्या चक्रात दर महिन्याला होतातच. म्हणजे कित्येक निरोगी स्त्रियांना आजारी ठरवले जात होते! म्हणूनच आजही बायोप्सीच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहावी लागते.

पुढचा पेच हायपरप्लेझियाचा, म्हणजे ग्रंथींची संख्या वाढून अस्तर जाड होण्याचा. हा कॅन्सर नव्हे. पण पुढे होईल का? अमेरिकेत रॉबर्ट कुर्मन आणि सहकाऱ्यांनी गर्भाशय न काढलेल्या १७० महिलांचा पाठपुरावा करून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या पेशींचे रूप बिघडलेले नव्हते अशा १२२ जणींपैकी फक्त २ जणींना कॅन्सर झाला. ज्यांच्या पेशींची केंद्रके बेढब झाली होती, म्हणजे ‘एटिपिया’ होता, अशा ४८ पैकी ११ जणींना झाला. जाडीपेक्षा पेशीचे रूप महत्त्वाचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये हायपरप्लेझियाचे दोनच गट ठेवले: एटिपिया नसलेला आणि असलेला.

हा इतिहास आपल्यालाही लागू आहे. कोल्हापूरच्या उसाच्या फडात दरवर्षी बीडहून टोळ्या येतात. त्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये कमी वयात काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कॅन्सरची भीती दाखवून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. १९०८ मध्ये चुकीचा ठरलेला ‘सूज’ हा शब्द आजही ऑपरेशनचे कारण म्हणून ऐकू येतो.

म्हणून लक्षात ठेवा:

• पाळी कायमची गेल्यावर थोडेसे जरी अंगावरून गेले, तरी लगेच तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण कॅन्सर लवकर सापडण्याची हीच संधी असते.
• जाड अस्तरासाठी पिशवी काढायला सांगितली, तर “बायोप्सीचा रिपोर्ट काय आहे?” असे जरूर विचारा.
• रिपोर्टमध्ये एटिपिया नसेल, तर बहुधा हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची लूप पुरते. एटिपिया असेल आणि मुले झालेली असतील, तर गर्भाशय काढण्याचा सल्ला योग्य असतो. तो टाळू नका.

रिपोर्टचा कागद जपून ठेवा. निर्णय त्यावर व्हावा, भीतीवर नको.