शेणोलीची गाडी

शनिवारी बहिणीकडे किर्लोस्करवाडीला गेलो होतो. आठवीतली भाची टॅबवर इतिहासाचा धडा बघत होती. १९४२ चं 'चले जाव' आंदोलन. गवालिया टँक मैदान, नकाशावर पळणारे बाण, मागे सतार. धडा संपल्यावर तिने विचारलं, "मामा, हे सगळं मुंबईतच झालं का?"

आता गंमत बघा. तिच्या घरापासून रेल्वेने जेमतेम दोन-तीन स्टेशनांवर शेणोली. ७ जून १९४३ ला तिथे तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. पुढे होते जी. डी. बापू लाड आणि कुंडलचेच रामचंद्र लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हा शेकडो गावांत चालत होतं. लोकन्यायालयं होती, कमी खर्चातली लग्नं होती. 'सांगली जिल्हा' मात्र नव्हता. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, त्याचं सांगली झालं १९६० मध्ये.

मग रविवारी आम्हीच धडा करायला घेतला. नकाशा, स्टेशनचे फोटो आणि शेजारच्या नव्वदीतल्या आजोबांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग.

भाचीने टाइप केलं, 'पत्री सरकार'. मी लगेच 'प्रति' केलं. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की! आमी पत्रीच म्हणायचो." गुन्हेगाराच्या तळपायाला पत्री ठोकतात, ही दहशत. खरंच ठोकायचे, की तळव्यांवर नुसत्या काठ्या मारायचे? आजोबांचं एक मत, त्यांच्या भावाचं दुसरं. भाचीने दोन्ही ठेवली आणि खाली विचारलं, 'तुमच्या गावात काय सांगतात?' असा प्रश्न तयार धड्यात कुठून येणार?

मी नाव दिलं होतं 'गाडीची लूट'. तेही बदललं. 'पारी' या संग्रहाने कॅप्टन भाऊंच्या आठवणी ते असताना नोंदवून ठेवल्यात. त्यांचं म्हणणं, ती लूट नव्हेच, इंग्रजांनी लोकांकडून चोरलेला पैसा परत आणला. २०२२ मध्ये भाऊ गेले.

माझी आजी कराडकडची. भूमिगतांना भाकऱ्या पोचवायची म्हणे. हे 'म्हणे' माझ्यामुळे. ती होती तेव्हा खिशात फोन होता, पण कधी विचारलंच नाही...

असो. तुमच्या घरी कुणी असेल, तर येत्या शनिवारी विचारा.