सुभद्रेची पट्टी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, सौभद्र करतायत. सुभद्रेसाठी आवाज बघणार आहेत. कुठलं पद म्हणू?" मी हरखून दोन-चार नावं सुचवली. त्यावर ती हळूच म्हणाली, "पण सगळे म्हणतात माझा आवाज जाड आहे. सुभद्रेचा नाही वाटत."

(ताई, हे 'सगळे' म्हणजे तू आहेस हे मला कळलं. वाचत असशील तर रागावू नकोस.)

फोन ठेवला आणि ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. सुभद्रेचा आवाज म्हणजे नेमका कुणाचा?

अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर! बडोद्याहून आलेला विशीच्या आतबाहेरचा तरुण, कंपनीत आणि प्रेक्षकांतही 'भावड्या' म्हणून लाडका. मोरोबा वाघोलीकर अर्जुन, बाळकोबा नाटेकर कृष्ण, आणि बलराम खुद्द अण्णासाहेब. म्हणजे जगातली पहिली सुभद्रा पुरुषाच्या गळ्यातून गायली. भाऊराव १९०१ मध्ये गेले. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर कंपनीत आला, मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि पुढे सुभद्राही त्याच्याकडे गेली. हेच बालगंधर्व. स्त्रियांनी ही भूमिका ठामपणे हातात घेतली ती हिराबाई बडोदेकरांच्या काळात, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर. आता सांगा, बारीक आणि उंच आवाज हाच सुभद्रेचा, हे कुणी ठरवलं?

बालगंधर्वांचा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. लहानग्या नारायणाचं गाणं लोकमान्यांनी ऐकलं आणि ते 'बालगंधर्व' म्हणाले. मी हा किस्सा लहानपणापासून निदान वीस जणांकडून ऐकला असेन. पण पोरानं त्या दिवशी कुठलं पद म्हटलं होतं, ते एकानंही कधी सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो गळा.

सौभद्राचं जुनं पुस्तक कुणाकडे असेल तर उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली असते. लावणीची चाल, कीर्तनातली, बायकांच्या गाण्यातली, कानडी मुलखातली. शंभराहून जास्त पदं, आणि बहुतेकांच्या चाली लोकांच्या कानावरच्या. नटाला चाल आधीच येत असायची, शब्द तेवढे नवे. कंपनीत पोरगा आला की त्याला जे येतं ते म्हणायला लावायचं आणि गळा जोखायचा, एवढं पुरत असणार असं मला वाटतं. नाटकातलंच पद हवं असा हट्ट धरायचं कारण नव्हतं.

मग १९११ मध्ये मानापमान आलं आणि हे गणित बदललं. गोविंदराव टेंब्यांनी पदांना ठुमरीच्या, ख्यालाच्या वळणाच्या चाली दिल्या. भामिनीची पदं बालगंधर्वांच्या गळ्याचं माप घेऊन शिवल्यासारखी. शिंपी काय करेल! पुढे १९१६ च्या स्वयंवरात भास्करबुवा बखल्यांनी तेच काम आणखी बारकाईनं केलं. तेव्हापासून आपल्याला वाटायला लागलं की पद म्हणजे अमक्याचं पद.

पण गंमत बघा. धैर्यधराची पदं मुळात नानासाहेब जोगळेकरांसाठी होती. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमान झालं तेव्हा धैर्यधर होते केशवराव भोसले. त्यांचा आवाज उंच, तार सप्तकात सहज फिरणारा. समोर भामिनी बालगंधर्व. केशवरावांनी ती पदं आपल्या गळ्यात बसवून घेतली (आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले, हे आठवलं की अजून कसंतरी होतं). पुढे दीनानाथांनी तीच पदं झंझावाती ढंगात गायली. एका मापाचा अंगरखा तीन जणांनी घातला, आणि प्रत्येकानं उसवून पुन्हा शिवला.

मग हे उसवणं थांबलं कुठे? मला विचाराल तर तबकडीत. नाटकात वन्समोअर घेत घेत पद कितीही लांबायचं, रोज वेगळं व्हायचं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत जे मावलं तेच पद, तेवढ्याच हरकती, तीच पट्टी असं घराघरांत पक्कं झालं. आमच्या पिढीनं तर त्या तबकड्यांच्या कॅसेटी घासल्या.

माझीच फजिती सांगते. कॉलेजात असताना एका हौशी संस्थेत संशयकल्लोळातल्या रेवतीसाठी गेले होते. कॅसेटवरून घोटून स्वयंवरातलं एक पद तयार केलेलं, जागच्या जागी श्वाससुद्धा कॅसेटसारखा. पेटीवाल्यांनी विचारलं, "पट्टी?" मी म्हटलं, "टेपातली." ते हसले आणि काळी पाच धरली. अंतऱ्याला आवाज फाटला. समोरच्या बाईंनी "बरं, कळवू" म्हटलं. कळवलं नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, रुक्मिणीचं पद घेऊन रेवती मागायला गेले, तीही उसन्या पट्टीत. कशाला कळवतील?

असो. ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. केशवराव भोळ्यांनी मोजकी गाणी दिली, बोलण्याच्या जवळची, आणि बाईंचा आवाज जसा होता तसा लोकांनी ऐकला. उलट टोकाचं उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'चं, १९६७. अभिषेकीबुवांच्या चाली आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. तिथे गळा हीच भूमिका होऊन बसली. २०१० मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा खाँसाहेब झाले नातू राहुल देशपांडे. त्यांच्याकडून आजोबांचीच तबकडी हवी असलेले लोक सभागृहात किती असतील, याचा विचार करूनच मला धडकी भरते.

तर भाचीला पुन्हा फोन केला. म्हटलं, आधी सांगितलेली नावं विसर. तुझी पट्टी कुठली? ती म्हणाली, पांढरी चार. मग पांढरी चारमध्येच म्हण. आणि सुरुवातीला सौभद्रातली एखादी दिंडी किंवा साकी घे. त्या कुणी घेत नाही, कारण तानेला जागा नसते. पण सुभद्रा काय सांगतेय ते त्यांतच ऐकू येतं. नंतर पद, ते तुझ्या श्वासानं.

"पण रेकॉर्डमध्ये ती जागा अशी घेतलीय," ती म्हणाली.

"ती त्यांची जागा," मी म्हटलं.

त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी एक हरकत तिनं ठेवली, दोन सोडल्या. परवा रविवारी जाऊन आली. निकाल अजून नाही. पेटीवाल्यांनी पट्टी विचारली तेव्हा तिनं न चाचरता पांढरी चार सांगितली म्हणे, आणि दिंडी संपल्यावर त्यांनी अजून एक म्हणायला लावली.