कॅमेऱ्याची फ्रेम कॉपी न होता ॲपपर्यंत कशी पोहोचते?

फोनचा कॅमेरा उघडला की समोरचं दृश्य स्क्रीनवर लगेच दिसू लागतं. हा प्रीव्ह्यू म्हणजे सेकंदाला साधारण ३० फ्रेम्स. १९२० × १०८० पिक्सेलची फ्रेम आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट्स धरले, तर एक फ्रेम सुमारे ८.३ एमबीची होते. म्हणजे सेकंदाला जवळपास २५० एमबी डेटा!

अडचण काय आहे?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. ॲप्स आणि अँड्रॉइडची कॅमेरा सर्व्हिस मात्र कर्नलच्या बाहेर, म्हणजे यूजर स्पेसमध्ये चालतात. त्यांना कर्नलच्या मेमरीला थेट हात लावता येत नाही. मग ड्रायव्हरच्या बफरमधून प्रत्येक फ्रेम कॉपी करून द्यायची का? तसं केलं तर प्रोसेसर त्यातच अडकेल, फोन तापेल आणि बॅटरी भराभर उतरेल.

उपाय: मेमरी मॅपिंग

प्रत्येक प्रोग्रामला दिसणारे मेमरीचे पत्ते आभासी असतात. त्यामागची खरी रॅम कुठे आहे, याची नोंद पेज टेबलमध्ये असते. प्रोग्रामने 'एम-मॅप' हा सिस्टम कॉल केला की ड्रायव्हर आपल्या बफरची पेजेस त्या प्रोग्रामच्या पेज टेबलमध्ये जोडून देतो. डेटा जागचा हलत नाही, फक्त त्याला आणखी एक पत्ता मिळतो.

एक बफर, अनेक वाटेकरी

तीच फ्रेम जीपीयू, डिस्प्ले आणि व्हिडिओ एन्कोडरलाही लागते. त्यासाठी २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये 'डीएमए-बफ' आलं. यात बफरला फाइल डिस्क्रिप्टर मिळतो आणि कर्नलमार्फत तो दुसऱ्या प्रोसेसला रीतसर देता येतो.

चूक झाली तर?

कोणाला किती मेमरी दाखवायची, हे ड्रायव्हरने तपासलंच पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस ४२१० आणि ४४१२ चिप्स असलेल्या काही फोन्समध्ये हीच चूक उघड झाली. 'एक्झिनॉस-मेम' नावाची डिव्हाइस फाइल सगळ्यांसाठी खुली होती आणि तिच्यातून साधं ॲपही फोनची रॅम वाचू आणि बदलू शकत होतं. म्हणजे थेट रूट ॲक्सेस! सॅमसंगने नंतर अपडेट देऊन ही चूक दुरुस्त केली.

ड्रायव्हरमधल्या अशा चुका सिक्युरिटी अपडेटमधूनच दुरुस्त होतात. म्हणून पुढच्या वेळी अपडेटचं नोटिफिकेशन आलं, तर 'नंतर' दाबू नका.