झडती, मोबाइल आणि एक खेळ

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे पुणे, नाशिक भागात पसरला. १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरोघर झडती घेऊ लागले. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवा सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवल्या त्या १८९८ मध्ये. म्हणजे शास्त्र अपुरे होते, आणि ज्यांची झडती होई त्यांना कोणी विचारतही नव्हते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत रोग्याचा माग काढण्याचे काम मोबाइलकडे आले. नाशिकमध्ये वाढलेले आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या गटाने तेव्हा ‘सेफ पाथ्स’ तयार केले. आपण कुठे गेलो याची नोंद आपल्याच फोनमध्ये राहावी आणि संमतीनेच बाहेर जावी, हे त्याचे सूत्र. या वेळी विचारण्याची सोय यंत्राच्या रचनेतच होती.

आता पुढचा टप्पा पाहू. आपले फिरणे, झोप, फोन हाताळण्याची पद्धत यांवरून मनःस्वास्थ्याचा अंदाज बांधता येईल का, यावर संशोधन चालू आहे. हा प्रश्न तरुणांच्या जिव्हाळ्याचा. पण त्यांना विचारायचे कसे? ‘माहिती कोणाला द्याल?’ अशा प्रश्नावलीला उत्तर देताना कोणताच प्रसंग डोळ्यांसमोर नसतो. म्हणून ऑक्सफर्डच्या इलिना सिंग, गाब्रिएला पावारिनी आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रेसिंग टुमॉरो’ हा डिजिटल खेळ वापरला. खेळणारा गोष्टीत शिरतो, निर्णय घेतो आणि संशोधक त्या निर्णयांचा अभ्यास करतात. या विचाराची मांडणी त्यांनी २०२१ मध्ये ‘डिझाइन बायोएथिक्स’ या नावाने केली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. खेळातला निर्णय म्हणजे आयुष्यातला निर्णय नव्हे. शिवाय पर्याय लिहिणारा स्वतःचे मत नकळत त्यांत मिसळू शकतो. आणि खेळणाऱ्याचीही माहिती गोळा होतेच, तेव्हा त्याचीही संमती हवी.

वर्गात हा प्रयोग संगणकाविना करता येईल. गोष्ट अशी: दहावीतल्या मुलीच्या फोनला कळते की ती आठवडाभर नीट झोपलेली नाही. अर्ध्या चिठ्ठ्यांवर लिहा, ‘फोनने हे आईला कळवावे का?’ उरलेल्यांवर ‘आई’ऐवजी ‘वर्गशिक्षक’ लिहा. बाकी मजकूर तोच ठेवा. उत्तरावर नाव नको, आणि ज्याला उत्तर द्यायचे नसेल त्याची चिठ्ठी कोरी चालेल. मग दोन्ही गठ्ठे मोजा. फरक पडला, तर तो का पडला याची चर्चा मुलांनाच करू द्या. आपले मत आपण शेवटी सांगावे, तेही मुलांनी विचारले तरच.