दर्यावरची हाक

माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनचा जिना उतरून पूर्वेकडे थोडे चालले की भाऊचा धक्का येतो. पहाटे तेथे मासळीचा बाजार भरतो. दिवस वर आला म्हणजे मोऱ्याला व रेवसला जाणाऱ्या उतारूंची लगबग सुरू होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा फेरफटका मी त्या बाजूस नेतो. परवा एका मच्छीमार बोटीचा तांडेल दोर सोडण्यापूर्वी हातातल्या लहानशा बिनतारी यंत्रात चार शब्द बोलला, यंत्र खरखरले, पलीकडून कोणीतरी चार शब्दांत उत्तर दिले, आणि बोट सुटली. धक्क्यावरील एकाही माणसाने मान वळवून पाहिले नाही, इतकी ती गोष्ट आता नित्याची झाली आहे. त्या चार शब्दांचा इतिहास आज आपणांस सांगावा, असे मी योजिले आहे. ज्याचे पोट एका जागी बसून भरत नाही, त्याची हाक जमिनीवर ऐकू यावी, वेळेवर ऐकू यावी, आणि ती खरोखर त्याचीच आहे अशी खात्री पटावी, या तीन साध्या गोष्टी होत. परंतु त्या साधण्यास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांची किंमत बहुधा गरीब उतारूंनी व खलाशांनी दिली.

प्रारंभ १८८८ सालापासून करू. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईस यावयास निघाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वादळात सापडली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेली मुलेही तिच्यात होती, असे सांगतात. बोट बुडताना कोणी पाहिली नाही, तिचा शब्दही कोणाच्या कानी आला नाही. परंतु यात कोणास दोष देता येत नाही. विजेच्या लहरी तारेवाचून अंतराळातून जातात, हे जर्मनीत हर्ट्‌झ याने प्रयोगाने दाखविले तो काळ नेमका हाच. दिवा होता, वाचा नव्हती. आणि ती वाचा त्या वेळी पृथ्वीवर कोणापाशीच नव्हती.

पुढे मात्र पावले झपाट्याने पडली. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा विनातार वाजवून दाखविली. १८९६ साली मार्कोनी इंग्लंडात गेला आणि १९०१ मध्ये त्याने अटलांटिक महासागरापलीकडून संकेत टिपला. लवकरच मोठ्या आगबोटींवर तारमास्तर दिसू लागले. आता दर्यावर्दी एकटा राहिला नाही, असे सर्वांस वाटले. तो भ्रम १९१२ सालच्या एप्रिल महिन्यात 'टायटॅनिक'ने दूर केला. त्या बोटीवर उत्तम बिनतारी यंत्र होते. तारमास्तर शेवटच्या घटकेपर्यंत हाक देत राहिले. 'कॅलिफोर्नियन' नावाची बोट जवळच उभी होती. तिच्यावरही यंत्र होते. परंतु तिचा एकुलता एक तारमास्तर दिवसभराचे काम उरकून झोपी गेला होता. अधिक दूर असलेल्या 'कार्पेथिया'चा तारमास्तर योगायोगाने जागा होता, म्हणून सुमारे सातशे माणसे वाचली. पंधराशेंच्या वर बुडाली.

या प्रसंगाने जगास एक धडा दिला. यंत्र बसविले म्हणजे संबंध जुळला असे नव्हे. हाकेला दोन टोके असतात, आणि दुसऱ्या टोकाला जागा कान पाहिजे. १९१४ साली लंडन येथे दर्यावरील सुरक्षिततेविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला तो याच शोकातून. पुढे जो प्रघात पडला, तो मला फार सुंदर वाटतो. बोटीवरील तारखोलीच्या घड्याळात तबकडीवर दोन लाल पट्टे रंगविलेले असत: एक पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत, दुसरा पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. काटा त्या लाल पट्ट्यावर आला की संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवलेल्या लहरीवर जगातील सर्व बोटींनी बोलणे थांबवावयाचे आणि तीन मिनिटे केवळ ऐकावयाचे. क्षीण यंत्राची अस्पष्ट हाकही त्या शांततेत कानी पडावी, हा हेतू. वर्गात चाळीस वर्षे मुलांना गप्प बसवण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसास या नियमाची थोरवी निराळी सांगावयास नको.

आता आपल्या मुंबई बंदराकडे वळू. १९४६ च्या फेब्रुवारीत या बंदराने बिनतारीचे सामर्थ्य डोळ्यांनी पाहिले. कुलाब्याला 'तलवार' हे शाही हिंदी नौदलाचे संदेशविद्या शिकविण्याचे ठाणे होते. निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांस विटून तेथील नौसैनिकांनी १८ फेब्रुवारीस काम बंद केले. संपाच्या समितीचे प्रमुख म्हणून एम. एस. खान आणि मदनसिंग हे दोघे पुढे आले, दोघेही संदेशखात्यातलेच. हाताशी यंत्रे होती, संकेत तोंडपाठ होते. वार्ता कराचीपर्यंत आणि खुल्या दर्यावरील जहाजांपर्यंत जाऊन पोचली. बघता बघता ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नौसैनिक संपात उतरले. २३ तारखेस त्यांनी संप मागे घेतला. त्या संपाच्या राजकारणात मी आज शिरत नाही. परंतु राज्यकर्त्यांनी सांकेतिक लिपी, कुलूपबंद खोल्या, पहारे असा सर्व बंदोबस्त केला असताही यंत्रापाशी बसलेल्या माणसाचे मन राखले नव्हते, आणि म्हणून तो सारा बंदोबस्त फोल ठरला, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि यानंतर अवघ्या सतरा महिन्यांनी, याच बंदराच्या तोंडाशी, काय घडले ते ऐका.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढातील दिव्यांची अवस. सण साधून गावी निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली 'रामदास' ही बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. तिच्यावर सातशेंच्या वर माणसे होती. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी तिला गाठले आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर ती कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबईपासून ती फार तर पाच-सहा कोसांवर होती. पण तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. ज्या बंदरातून सतरा महिन्यांपूर्वी कराचीशी बोलणे चालले होते, त्याच बंदराला आपल्या दाराशी बुडणारी बोट कित्येक तास कळली नाही. रेवसच्या कोळ्यांनी आपले मचवे घालून काही जीव वाचविले. त्यांस कोणी बिनतारीने बोलाविले नव्हते, त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

या बोटीत माझे थोरले चुलते होते. माझे वडील तेव्हा माझगावच्या गोदीत नुकतेच उमेदवारीस लागले होते. भावाची वळकटी बोटीवर चढवून, त्याचा निरोप घेऊन ते कामावर गेले. पाऊस होता, वाराही होता. परंतु दहा वाजले तसे 'आता दादा पोचला असेल' असे म्हणून ते निश्चिंत झाले. तिकडे आमचे आजोबा बैलगाडी घेऊन रेवस बंदरावर उभे होते. बोट दिसेना, तेव्हा 'एवढ्या वाऱ्यात मुंबईहून सोडलीच नसेल' असे म्हणून तेही निश्चिंत झाले. एकाच शांततेचा अर्थ या किनाऱ्यावर 'पोचला' असा झाला आणि त्या किनाऱ्यावर 'निघाला नाही' असा. वाचलेली माणसे काठाला लागू लागली तेव्हा आजोबांना कळले. वडिलांना कळावयास संध्याकाळ झाली. चुलत्यांचे शव सापडले नाही. माझ्या लहानपणी वडील ही हकीकत वर्षातून एकदा, त्याच अवसेला, दिवे लावून झाल्यावर सांगत, आणि शेवटी दर वेळी एकच वाक्य म्हणत: 'मी दहा वाजता चहा प्यालो.'

श्रोतेहो, 'वैतरणा' मुकी होती, कारण जग मुके होते. 'रामदास' मुकी होती ती निराळ्या कारणाने. बिनतारीचा शोध लागून पन्नास वर्षे लोटली होती. याच कोकण किनाऱ्यावर १९२७ च्या ११ नोव्हेंबरला 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. ज्ञान होते, इशारा होता. विलायतेला जाणाऱ्या बोटीला यंत्र होते, रेवसला जाणाऱ्या बोटीला ते लागेल असे कोणास वाटले नाही. 'रामदास'नंतर उतारूंच्या बोटींवर बिनतारी यंत्र असावे, पावसाळ्यात फेऱ्या बंद असाव्यात, हा आग्रह धरला गेला.

आता सुरक्षिततेविषयी दोन शब्द. बिनतारीचा शब्द वाऱ्यावर सोडलेला असतो. तो कोणासही ऐकू येतो. खाजगी मजकुरासाठी हा दोष आहे; तो सांकेतिक लिपीने झाकावा. परंतु संकटाच्या हाकेचा हाच गुण आहे. ती जितक्या कानांवर पडेल तितकी बरी. झाकावयाचे काय आणि उघडे ठेवावयाचे काय, याचा विवेक चुकला तर दोन्हीकडून नुकसान. तिसरी गोष्ट ओळखीची. २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' ही मच्छीमार बोट भर दर्यात बळकावली गेली. तिच्यावरील खलाशी मारले गेले, तांडेलालाही शेवटी ठार केले. बोट खरी होती, माणसे खोटी होती; आणि तिच्या मुकेपणाची शंका किनाऱ्यावर कोणास आली नाही. २६ तारखेच्या त्या रात्री एका टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब आमच्या माझगावात, वाडी बंदराजवळ फुटला. त्यानंतर मच्छीमारांस ओळखपत्रे आली आणि मोठ्या बोटींवर आपले नाव-ठिकाण आपोआप सांगणारी यंत्रे बसू लागली. 'मी कोठे आहे' याच्या जोडीला 'मी कोण आहे' हेही हाकेत असावे लागते, हे त्या रात्रीने शिकविले.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग ही चिंता कशाला? परंतु मोबाइलचा मनोरा जमिनीवर असतो. किनारा मागे पडला की त्याचा आवाज तुटतो. शिवाय मोबाइल एकाच कानाशी बोलतो. बोटीवरील बिनतारी यंत्राच्या सोळाव्या वाहिनीवर दिलेली हाक आसपासच्या सर्व बोटींस एकदम ऐकू येते. १९९९ च्या फेब्रुवारीत जगातील व्यापारी जहाजांवरून मोर्स लिपीचा निरोप घेण्यात आला आणि उपग्रहांची व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली. आपल्या तटरक्षक दलाचा १५५४ हा संकटकाळचा क्रमांकही आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा जणांचा अंत झाला, हे दुःख खरेच. परंतु आसपासच्या बोटी तत्काळ धावल्या आणि नव्वदाहून अधिक माणसे वाचली. 'रामदास'च्या उतारूंच्या वाट्याला ही धाव आली नाही.

आमच्या माझगावच्या गोदीत युद्धनौका बांधतात. १९७२ साली नौदलात दाखल झालेली 'निलगिरी' तेथलीच. त्या नौकांचे कान फार दूरचे ऐकतात, याचा आम्हा माझगावकरांस अभिमान आहे. परंतु गोदीपासून हाकेच्या अंतरावर भाऊचा धक्का आहे, आणि तेथून सुटणाऱ्या लहानशा बोटीतल्या तांडेलाचे यंत्र चालू आहे ना, त्याची बॅटरी भरलेली आहे ना, आणि पलीकडे कोणी जागे आहे ना, हे रोज पाहणारा माणसूच लागतो. ते काम यंत्र करीत नाही.

परवा त्या तांडेलाला मी विचारले, 'पलीकडून काय म्हणाले हो?' तो हसून म्हणाला, 'काय नाय मास्तर. ऐकू येतंय म्हनाले.'