गावकुसाबाहेरचे बेट आणि बायकांची सभा

चळवळीचा इतिहास लिहिताना आपण अध्यक्ष आठवतो, ठराव मांडणारे आठवतो, तुरुंगात गेलेले कार्यकर्ते आठवतो. सतरंजीवर बसलेल्या बाया मात्र ‘स्त्रियांची उपस्थिती लक्षणीय होती’ एवढ्या एका वाक्यात संपतात. माळशिरस तालुक्यातील दलित चळवळीविषयी मी आजवर जे बोललो आणि लिहिले, त्यातही हाच दोष होता. तो कबूल करूनच हे टिपण लिहीत आहे.

पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. आमची वस्ती उसाने वेढलेली होती. नीरा उजव्या कालव्याने या दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. ऊस आला, माळीनगर, श्रीपूर, अकलूजला साखर कारखाने उभे राहिले. परंतु जमीन आणि पाणी ज्यांच्या हाती होते, त्यांच्याच घरात ही समृद्धी गेली. आमच्या बाया त्याच उसात खुरपायला जात आणि पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या मोटेवर ताटकळत. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपूरला जाते. अभंग दरवर्षी तालुक्यातून चालत जातात. वस्ती मात्र होती तिथेच राहते. चहूकडे हिरवे आणि मध्ये आम्ही कोरडे, असे हे बेट.

बेट हा शब्द मी केवळ उपमा म्हणून वापरीत नाही. केरळात कोचीजवळ मुळवुकाड नावाचे खरेखुरे बेट आहे. तिथल्या पुलया जातीच्या माणसांना शहराच्या जमिनीवर सभा भरवण्याची मनाई होती. तेव्हा 1913 साली त्यांनी होड्या एकमेकींना बांधल्या आणि खाडीच्या पाण्यावर सभा भरवली. पाण्याला जात लावण्याचे तेवढे राज्यकर्त्यांना सुचले नव्हते! त्याच बेटावर, त्याच समाजात 1912 साली जन्मलेली दाक्षायणी वेलायुधन पुढे भारताच्या घटना समितीत गेली. त्या समितीतील ती एकमेव दलित स्त्री. घटना समितीने नुसती घटना लिहून भागणार नाही, लोकांना जगण्याची नवी चौकट दिली पाहिजे, असा तिच्या 1946 च्या भाषणाचा आशय होता. आमच्या किती कार्यकर्त्यांना हे नाव ठाऊक आहे? मला स्वतःला ते पन्नाशी उलटल्यावर कळले.

महाराष्ट्रात अशी सभा बाबासाहेबांच्या चळवळीने घडवली. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात शेकडो स्त्रिया उतरल्या. आणि 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेब तिथेच म्हणाले. परंतु आपण बाबासाहेबांचे भाषण लक्षात ठेवले आणि बायकांचे ठराव विसरलो. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, लोकनियुक्त संस्थांत प्रतिनिधित्व या त्यांच्या मागण्या होत्या. हिंदू कोड बिलाचे वादळ उठण्याच्या कितीतरी आधी झोपडीतल्या बाईने हे मागितले होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ 1989 साली आला, तेव्हा कुठे या स्त्रियांना नावे मिळाली.

नावाचा प्रश्न साधा नाही. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत असता लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. त्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. घटनेने मत दिले होते, पण ते ज्या नावावर पडायचे ते नावच समाजाने बाईला दिले नव्हते. कायदा आणि नागरिकत्व यांत जे अंतर असते, ते हेच.

हे अंतर मी माझ्या गावात पाहिले. महाराष्ट्राने 1990 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांना 30 टक्के जागा दिल्या; 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली; 2011 साली हे प्रमाण 50 टक्क्यांवर गेले. आमच्या गावचे सरपंचपद अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव झाले, त्या रात्री विहारात बैठक बसली. बैठकीत एकही बाई नव्हती. कोणाच्या बायकोचा अर्ज भरायचा हे आम्ही पुरुषांनी ठरवले. तिचे पहिले भाषण मी लिहून दिले. फुले-आंबेडकरांचे नाव त्यात चार वेळा होते. तिचे स्वतःचे एक वाक्य नव्हते. ती ग्रामपंचायतीत खुर्चीच्या कडेला बसायची, ग्रामसेवक दाखवील तिथे सही करायची. गावातील सत्ताधारी तिला बाहुली म्हणत. ती बाहुली करण्यात आमचाही हात होता, हे आम्ही कोणी म्हणत नव्हतो.

बदल आमच्यामुळे झाला नाही. वस्तीतल्या बाया पौर्णिमेला वंदनेसाठी जमत, महिना दहा-दहा रुपयांची भिशी लावीत. त्यांनी एकदा तिला विचारले, “बाई, तू सही कशावर करतीस?” तिला सांगता येईना. तेव्हापासून दोघी-तिघी तिच्याबरोबर कचेरीत जाऊ लागल्या. चौथी शिकलेली एक मुलगी प्रोसिडिंग मोठ्याने वाचायची. कोऱ्या पानावर सही होणे थांबले. नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा कायद्याने भरवावी लागते. ती इतरत्र कागदावर भरे. आमच्याकडे ती खरोखर भरू लागली. वस्तीच्या नळाचा ठराव त्याच सभेत झाला. तिथे मराठ्यांच्या, धनगरांच्या गरीब बायाही येऊन बसल्या, कारण हंडा त्यांच्याही डोक्यावर होता. गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे एका सतरंजीवर बसलेले मी प्रथमच पाहिले.

पुढे तिच्यावर अविश्वासाचा ठराव आला. त्या दिवशी साठ-सत्तर बाया मजुरी बुडवून कचेरीच्या ओट्यावर बसून राहिल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. ठराव बारगळला. मी त्या वेळी मागे उभा होतो. या वेळी भाषण लिहून द्यायला मला कोणी सांगितले नाही.

याचा अर्थ बेट संपले असा नाही. माळशिरस विधानसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हापासून 2024 पर्यंत चार निवडणुका झाल्या, एकदाही येथून स्त्री निवडून गेलेली नाही. राखीव जागा दार उघडते. आत शिरलेल्या बाईच्या पाठीशी बायांची सभा नसेल तर तेच दार तिला कोंडून घालते. आरक्षणासाठी आपण रस्त्यावर आलो, ते योग्यच होते. परंतु नागपूरच्या त्या परिषदेसारखी सभा गावोगाव उभी करण्याचे काम आपण अर्धवट सोडले.

माझी विनंती कार्यकर्त्यांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना आहे. आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्यांकडे जा. भिशीच्या वह्या, जुनी प्रोसिडिंगे, मोर्च्याला गेलेल्या बायांची नावे उतरवून घ्या. ‘अमक्याची आई’ असे लिहू नका. तिला तिचे नाव विचारा.