अग्निबाणाचा सारथी

अग्निबाण झेपावताना आपले लक्ष त्याच्या ज्वाळांकडे असते. तथापि त्याचा सारथी आत एका लहानशा पेटीत बसलेला असतो. तो म्हणजे मार्गदर्शक गणकयंत्र. वेग आणि दिशा यांत पडणारा फरक उपकरणे मोजतात. त्यांवरून अग्निबाण कोठे आहे व कोठे असावयास हवा, याचा हिशेब करून हे यंत्र त्याची दिशा क्षणोक्षणी सुधारीत असते.

या सारथ्याच्या घडणीचा एक धागा आपल्या बडोद्यातून जातो. डॉ. विक्रम साराभाई येथील साराभाई केमिकल्सचा कारभार पाहत. १९६० साली त्यांनी येथेच ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था काढली; अदमासाने नव्हे, आकड्यांच्या आधारे निर्णय घ्यावा, हा तिचा बाणा. १९६९ साली त्यांच्याच पुढाकाराने ‘इस्रो’ स्थापन झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले.

गणकयंत्राचा मेंदू म्हणजे सिलिकॉनची चिप. ती स्वदेशी घडावी म्हणून पंजाबातील मोहालीस सरकारी कारखाना उभारण्यात आला व १९८४ साली तेथे उत्पादन सुरू झाले. परंतु ७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यास भीषण आग लागली. सावरण्यात कित्येक वर्षे गेली आणि तोवर जग फार पुढे निघून गेले. २००६ साली अवकाश विभागाने हा कारखाना आपल्या हाती घेतला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने आखलेली ‘विक्रम १६०१’ ही चिप २००९ पासून आपल्या अग्निबाणांत वापरात आली; मोहालीने घडविलेली तिची आवृत्ती २०१६ साली आली. तिच्या पुढच्या पिढीची ‘विक्रम ३२०१’ अवकाशात पारखली गेली, ती ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही सी-६० मोहिमेत. नेमकी साराभाईंच्या पुण्यतिथीस!

या चिपची घडण १८० नॅनोमीटरची. आपल्या खिशातील टेलिफोनची चिप हिच्याहून कितीतरी सूक्ष्म असते. मग हिचे कौतुक कशाला? कारण सारथ्याला चपळाईपेक्षा खंबीरपणा अधिक लागतो. कंप, तापमानातील टोकाचे चढउतार व अवकाशातील किरणोत्सर्ग सोसून तिला अचूक हिशेब करावयाचा असतो. शिवाय परदेशाने पुरवठा रोखला, तरी उड्डाण अडता कामा नये.

मोहालीच्या आगीने एक धडा मात्र दिला. ज्या विद्येला एकच घर असते, ते घर जळाले की ती विद्याच उघड्यावर पडते. आज गुजरातेत धोलेरा व साणंद येथे चिपउद्योग आकारास येत आहे. तेथे भिंतींबरोबर जाणती माणसेही उभी राहोत. बडोद्याच्या विद्यार्थ्यांनी हे काम आपले मानावे.